म्हातारी आणि पाहुणी

९ जून

भाऊजी यांस,

सकाळी लवकर उठून टाकी भरून घेतली. आईंच्या डोळ्यांत थेंब घातले. इस्पितळात ड्यूटीवर दुपारपर्यंत रुग्णांचे एक्स-रे काढले, बहुतेक गुडघ्यांचे. घरी आले तर तुमचं पत्र येऊन पडलं होतं. संध्याकाळी पाहुणे आले. ते गेल्यावर हे लिहीत आहे.

पाकिटावर तुम्ही सवयीने 'सौ.' लिहिलंत आणि मग खोडलंत. खोडलं नसतं तरी चाललं असतं. मला वाईट वाटलं नाही. हे मार्चमध्ये गेले, आता जून आहे, माणसाच्या हाताला कळायला वेळ लागतो.

हवाई तळावर तुमचे फोन जमा करून घेतात हे एका अर्थी बरं आहे. मला फोनवर बोलायला जमत नाही. कागदावर निदान मधे कोणी 'ऐकू येतंय ना?' असं विचारत नाही.

पाहुणे म्हणजे तुम्ही वैमानिक ज्यांना 'रेडिओ' म्हणता ते निवृत्त साहेब. आता ते पक्षात गेले आहेत, तुम्हाला माहीतच असेल. विमान खरेदीची चौकशी करणारी समिती बसली आहे, तिच्यापुढे मी साक्ष द्यावी असं त्यांचं म्हणणं.

"वहिनी, तुम्हाला फार काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "एकच वाक्य. म्हातारीने त्यांचा जीव घेतला."

आईंना कमी ऐकू येतं, पण नको तेवढं बरोबर येतं. "कुठली म्हातारी? मी काय केलं?"

"अहो आजी, तुम्ही नाही. विमान. जुन्या विमानाला आम्ही म्हातारी म्हणतो."

"मग तिला उडवता कशाला?" आई म्हणाल्या.

रेडिओ साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि पुन्हा समितीवर आले.

काल मास्तरांचा निरोप आला होता. ज्यांनी तुम्हा दोघा भावांना उडायला शिकवलं तेच मास्तर. ते आता विमान कारखान्याच्या बाजूने आहेत. त्यांचं म्हणणं, म्हातारी ठणठणीत आहे, आपल्याकडेच दुरुस्त होते, बाहेरून विमानं घ्यायची गरज नाही. मी साक्ष देऊच नये असं ते सुचवतात. "तुझ्या दुःखाचं भांडवल होऊ देऊ नकोस," असा शब्द त्यांनी वापरला.

अहवालात एवढंच आहे की धावपट्टी सोडल्यावर लगेच इंजिन बंद पडलं आणि वैमानिकाने बाहेर पडण्याचा प्रयत्न केला नाही. रेडिओ म्हणतात खुर्चीच अडकली असणार. मास्तर म्हणतात निर्णय घ्यायला उशीर झाला. वर्तमानपत्रं म्हणतात, खालची घरं वाचवायला ते आतच राहिले. मला तिन्ही पटत नाहीत, पण चौथं काही सुचतही नाही.

मी एकाच गोष्टीला धरून आहे. तुमच्या तळावरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शेवटी ते शांत असावेत. दोन्ही हात मांड्यांच्या मधे होते, बसल्यासारखे." रोज झोपताना मी तेवढंच आठवते.

तुम्ही काय म्हणता ते कळवा. आणि सध्या तुम्ही कोणतं विमान चालवता तेही कळवा. आईंनी विचारलं आहे.

वहिनी


१७ जून

प्रिय वहिनी,

पाकिटाबद्दल माफ करा. मलाच लाज वाटली.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. मी चाचणीच्या तुकडीत आहे, दादा होता त्याच. बाहेरून आलेलं नवं विमान आम्ही तपासतो. त्याला इथे सगळे 'पाहुणी' म्हणतात, कारण अजून घरात घेतलेली नाही, नुसती बघायला आली आहे. आईला सांगा, मी पाहुणीच्या सरबराईत आहे. काळजी नको.

वहिनी, साक्ष द्या. मी हात जोडून सांगतो. रेडिओ साहेब मलाही आवडत नाहीत. ते बोलायला लागले की इंधन संपेपर्यंत उतरत नाहीत. पण बोलतात ते खरं आहे. म्हातारी ज्या वर्षी आली त्या वर्षी दादाचा जन्मही झाला नव्हता. तिचे सुटे भाग दुसऱ्या म्हाताऱ्यांतून काढून बसवतात.

इथे मेसमध्ये दोन टेबलं पडली आहेत. खिडकीजवळचं 'घ्या' म्हणणाऱ्यांचं, दाराजवळचं 'बनवा' म्हणणाऱ्यांचं. गणवेशातल्या माणसाला राजकीय मत नसतं असं नियमात आहे. एकदा येऊन बघा. परवा मी दाराजवळच्या टेबलाकडे मीठ मागितलं तर एक जण म्हणाला, "तुमचं बाहेरून येणार आहे ना? मग थांबा पाच वर्षं." सगळे हसले, मीही हसलो, पण मीठ काही मिळालं नाही.

निवडणूक तोंडावर आहे. समितीने आत्ता 'घ्या' म्हटलं तर वर्षभरात पहिली तुकडी येईल. नाहीतर पुढचं सरकार पुन्हा पहिल्यापासून चौकशी करत बसेल, आणि तोवर नवी पोरं म्हातारीवरच शिकतील. तुमच्या एका वाक्याने फरक पडेल. दादाच्या बायकोला कोणी खोटं पाडणार नाही.

जरा हसवतो तुम्हाला. आमच्यातला एक जण परवा म्हातारीत बसला होता. जमिनीवरच, बाहेर पडण्याचा सराव. म्हातारीत दोन्ही हात वर न्यायचे आणि डोक्यामागची दांडी ओढायची, मग खुर्ची आपल्याला घेऊन उडते. पाहुणीत ती कडी दोन गुडघ्यांच्या मधे आहे. तर सराव सुरू झाला आणि हा गडी गुडघ्यांच्या मधे चाचपडतोय. खालून मेकॅनिक ओरडला, "साहेब, काही पडलं का? टॉर्च देऊ?" दिवसभर सगळे त्याला टॉर्च देत होते.

उत्तर लवकर द्या. सुनावणी जुलैच्या शेवटी आहे.

तुमचा
धाकटा


२६ जून

भाऊजी,

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. टॉर्चपाशी त्या हसल्या. मला पुढचं वाचता आलं नाही. आईंना म्हटलं घसा बसलाय.

आज मी तुला 'तू' म्हणते. तू माझ्यापेक्षा लहान आहेस आणि लग्नानंतर या घरात तू मला सायकल शिकवलीस. 'तुम्ही' म्हणत हे लिहिता येणार नाही.

तुझे दादा जेवणाच्या खुर्चीवर बसून सराव करायचे हे तुला माहीत नसेल. डोळ्यांवर टॉवेल बांधायचे. मी समोर उभी राहून विमानातल्या बटणांची, दांड्यांची नावं घ्यायची, त्यांनी न बघता हवेत त्या त्या जागी हात न्यायचा. मला त्या विमानातलं काही कळत नाही, पण कुठल्या शब्दाला हात कुठे जातो ते पाठ झालं. मी 'बाहेर' म्हटलं की दोन्ही हात डोक्यावर. एकदा वरच्या दिव्याला धक्का लागला आणि तो बराच वेळ झुलत राहिला.

हिवाळ्यात पाहुणीची चाचणी सुरू झाली. सराव बदलला. मी 'बाहेर' म्हणायचे आणि हात वर जायचे. ते स्वतःवरच चिडायचे. "वरचं विसरायला हवं," म्हणायचे. रोज जेवणाआधी, रोज जेवणानंतर. शेवटी एक दिवस मी 'बाहेर' म्हणायच्या आत हात गुडघ्यांच्या मधे गेले. टॉवेल काढून ते हसले. "आता नाही चुकत," म्हणाले.

मग मार्चमध्ये तुमच्याकडे माणसं कमी पडली म्हणून त्यांना पुन्हा म्हातारीवर बसवलं. चाचणीहून आलेली बॅग अजून उघडलीही नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलेले हात मी इतके दिवस शांत समजत होते. दोन्ही हात मांड्यांच्या मधे. मी रोज माणसांचे हात एक्स-रेच्या टेबलावर मांडून घेते. थकलेले हात कसे पडतात, दुखरे कसे पडतात, मला दिसतं. पण हे दिसलं नाही. ते शांत नव्हते. ते शोधत होते. बाहेर पडण्याचा प्रयत्न त्यांनी केला, फक्त जिथे दांडी नव्हती तिथे केला.

तू पाकिटावर 'सौ.' लिहिलंस. तुला माहीत होतं ना? खांदा तूच दिला होतास. तरी लिहिलंस.

आता एकच सांग. तो टॉर्चवाला कोण? आणि जो माणूस पाहुणीच्या तुकडीत आहे, तो म्हातारीत बसून सराव कशाला करत होता?

वहिनी


४ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण काहीतरी भलतंच लिहून गेलो असतो.

हे कोणाजवळही बोलू नका. आईजवळ नको, शेजारी नको, समितीपुढे तर नकोच. तुम्ही जे म्हणता त्याचं अहवालाच्या भाषेत एकच नाव आहे: वैमानिकाची चूक. मास्तरांचं टेबल नाचेल. 'बघा, विमान चांगलं होतं, यांनीच हात भलतीकडे घातला.' दादाच्या नावापुढे कायमचा हा शेरा लागेल. आज शाळेतली मुलं त्याला घरं वाचवणारा म्हणून ओळखतात. ते काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार आहे?

आणि खरेदी लांबेल. 'नव्या विमानाच्या चाचणीमुळे अपघात' असे मथळे येतील. मग म्हातारी आणखी दहा वर्षं. तोवर जी पोरं मरतील त्यांच्या बायकांना तुम्ही काय सांगणार?

इंजिन म्हातारीचं बंद पडलं, वहिनी. ते बंद पडलं नसतं तर हात कुठे गेले हा प्रश्नच आला नसता. गाभा तो आहे. तुम्ही गाभा सोडून साल धरून बसला आहात.

मेसमध्ये तुमच्याबद्दल कोणीतरी म्हणालं, त्यांचे वडील विमान कारखान्यात फोरमन होते, त्या 'बनवा'वाल्यांच्याच बाजूने बोलणार. मी त्याच्याशी भांडलो. माझं भांडण वाया घालवू नका.

आमच्या हातांची काळजी आम्हाला आहे. त्यासाठीच आम्हाला शिकवलेलं असतं.

आईच्या थेंबांची नवी बाटली पाठवतो आहे. जुनी उघडून महिना झाला असेल तर टाकून द्या.

धाकटा


१२ जुलै

भाऊजी,

बाटली मिळाली.

तू मला सगळं लिहिलंस, पण मी विचारलेलं सोडून. म्हणजे टॉर्च तुलाच देत होते.

तुझं बाकीचं म्हणणं मी नीट वाचलं. इंजिनाचं बरोबर आहे. मी म्हातारीची बाजू घेत नाही. नवी विमानं घ्या की इथे बनवा, ते मला कळत नाही, आणि ज्यांना कळतं ते एकमेकांना मीठ देत नाहीत.

आठवड्यातून किती वेळा यातून त्यात बसतोस? दोन्हींतलं एक सोडलंस असं लिही, मी समितीपुढे जाणार नाही. रेडिओंकडेही नाही, मास्तरांकडेही नाही. घरात बसेन. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवेन.

वहिनी


२० जुलै

वहिनी,

खोटं लिहायला बसलो होतो. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

दोन्ही चालवतो. सकाळी पाहुणी आणि दुपारी म्हातारी असंही होतं. माणसंच नाहीत. निम्मे नोकरी सोडून प्रवासी विमानांवर गेले, उरलेल्यांत चाचणीच्या लायक मोजकेच. आणि सीमेवरच्या फेऱ्या तर चुकवता येत नाहीत. मी एक सोडायचं म्हटलं तर पाहुणीच सोडावी लागेल, कारण म्हातारीला नाही म्हणता येत नाही. पाहुणी सोडली की पहिल्या तुकडीतली माझी जागा गेली. त्या जागेसाठी मी आणि दादाने एकत्र अर्ज केले होते. आता एकाचीच उरली आहे.

पण तुम्ही समजता तितकं ते धोक्याचं नाही. मी उपाय काढला आहे. ज्या दिवशी म्हातारी असेल त्या दिवशी हातमोज्यावर, अंगठ्याच्या मागे, पेनाने बाण काढतो. वर जाणारा. इंजिन सुरू करण्याआधी एकदा बघतो. दादा गेल्यावर त्याच आठवड्यात सुरू केलं, तेव्हापासून एकदाही चुकलो नाही. तो टॉर्चचा दिवस सोडून, आणि तेव्हा जमिनीवर होतो.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमची काळजी मिटेल.

वहिनी, पाया पडतो. समितीपुढे हे बोलू नका. त्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणा. आईचं कारण सांगा. काहीही सांगा.

धाकटा


२ ऑगस्ट

भाऊजी,

वर्तमानपत्रात अर्धवट आलं आहे, म्हणून झालं तसं लिहिते.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'दादा गेल्यावर त्याच आठवड्यात.' म्हणजे मला जूनमध्ये कळलं ते तुला मार्चमध्येच कळलं होतं. कोणी न सांगता. अहवाल यायच्या आधी. रागावले नाही. पण त्या ओळीनंतर घरात बसणं मला शक्य नव्हतं.

आईंना विचारलं. सगळं सांगितलं, मोठ्याने, खिडक्या लावून. त्यांनी कान पुढे करून ऐकलं. मग म्हणाल्या, "तो तुझ्यावर रागावेल. झेपेल का तुला?"

मी म्हटलं, झेपेल.

"मग जा. माझं काय, मला तसंही कमी ऐकू येतं."

समितीची खोली लांबट होती. रेडिओ एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला. मी कोणाच्या बाजूच्या खुर्चीवर बसावं यावरून आधी वाद झाला. "साक्षीदार आमचा आहे." "साक्षीदार कोणाचा नसतो, वाचा नियम." शेवटी शिपायाने स्वतःची खुर्ची आणून मधे ठेवली.

सरकारी बाजूचे एक सभासद म्हणाले, "ताई, थोडक्यात सांगा. विमान वाईट होतं की वैमानिकाची चूक झाली?"

मी म्हटलं, "दोन्ही नाही."

"असं कसं? काहीतरी एक असणारच ना."

मी म्हटलं, "दाखवते." पर्स खाली ठेवली आणि डोळे मिटले. 'म्हातारी' म्हटलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. 'पाहुणी' म्हटलं आणि गुडघ्यांच्या मधे नेले. मग म्हटलं, आता तुमच्यापैकी कोणी पटापट नावं घ्या, क्रम बदलून. कोणी घेईना. शेवटी मास्तर उठले. वर्गात घ्यायचे तशी त्यांनी नावं घेतली. म्हातारी, पाहुणी, पाहुणी, म्हातारी, पाहुणी. माझे हात चुकले. मास्तर थांबले. मी डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाकडे बघत होते.

मी सांगितलं की हे माझे हात. मी खुर्चीत बसले आहे आणि इंजिन बंद पडलेलं नाही. त्यांना किती वेळ होता ते तुमच्या अहवालात आहे. एका माणसाला एका महिन्यात दोन प्रकारच्या सवयी हाताला लावायला सांगितल्या. ते कोणाच्या सहीने झालं ते विचारा.

रेडिओ म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्न खरेदीचा आहे."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही मार्चमधलं सांगता आहात. आता तसं होत नाही. लेखी उत्तर आलं आहे आमच्याकडे."

इथपर्यंत मी तुझं पत्र मनातसुद्धा आणलं नव्हतं. आणायचं नाही असं ठरवूनच गेले होते. पण लेखी उत्तर आलं आहे म्हणाले, आणि दुपारची वेळ होती. तू त्या वेळी कशात बसला असशील, असं वाटलं.

मी म्हटलं, "होतं. आजही होतं. हातमोज्यावर बाण काढून माणूस उडतो, कुठलं विमान आहे ते हाताला आठवावं म्हणून."

"कोण? नाव सांगा."

मी नाव सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग एकाने आवाज चढवला. मी म्हटलं, "नाव नाही सांगणार. उद्या सकाळी उड्डाणाआधी सगळ्यांचे हातमोजे बघा."

हे म्हणताना मला माहीत होतं की मी तुझंच नाव सांगते आहे. मी तुझं दोन्ही विमानांत बसणं थांबवायला निघाले होते, तुझे हातमोजे लपवायला नाही.

बाहेर आल्यावर मास्तरांनी मला जिन्यापर्यंत सोडलं. रेडिओ आधीच कॅमेऱ्यांपुढे उभे होते.

आईंचे डोळे बरे आहेत.

वहिनी


१४ ऑगस्ट

वहिनी,

तुम्ही मला 'तू' म्हणायला लागलात तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आठवड्यापूर्वी सकाळी आम्हाला उड्डाणाआधी रांगेत उभं केलं. हातमोजे टेबलावर ठेवा, उलटे. मी ठेवले. बाण दिसत होता, आदल्या दिवशीचा. पुसला होता, पण चामड्यात शाई उतरते.

आता हुकूम निघाला आहे: एक माणूस, एक विमान. मला पाहुणीवरून काढलं. म्हातारीवरही नव्याने परीक्षा देईपर्यंत जमिनीवर. पहिल्या तुकडीतल्या माझ्या जागी दुसरा जाईल. मी ती जागा दादासाठीही धरून ठेवली होती, हे तुम्हाला कळत होतं आणि तरी तुम्ही बोललात.

खरेदी निवडणुकीनंतर. रेडिओ म्हणतात तुम्हाला कोणीतरी पढवलं. दाराजवळच्या टेबलावर काही जण 'वैमानिकाची चूक' म्हणायला लागले आहेत, मी सांगितलं होतं तसंच. मेसमधली दोन्ही टेबलं आता एका गोष्टीवर सहमत आहेत, की तुम्ही यायला नको होतं. सीमेवरच्या फेऱ्या कमी केल्या आहेत, त्याचंही खापर तुमच्यावर.

एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही मला झालं तसं लिहिलंत, म्हणून मीही लिहितो.

टेबलावर माझे एकट्याचे हातमोजे नव्हते. निम्म्याहून जास्त जणांच्या हातमोज्यांवर काहीतरी होतं. कोणी 'वर' लिहिलं होतं. कोणी नुसता ठिपका दिला होता. एकाने अंगठ्याला लाल दोऱ्याचा टाका घातला होता, बायकोकडून घालून घेतला म्हणे, कशासाठी ते तिला न सांगता. खिडकीजवळचे होते आणि दाराजवळचेही होते. इतके महिने आम्ही शेजारी शेजारी बसून मोजे घालत होतो आणि कोणी कोणाचा अंगठा बघितला नव्हता. ज्याने मला सगळ्यात जास्त वेळा टॉर्च दिला त्याच्या दोन्ही मोज्यांवर बाण होते.

तुकडीच्या साहेबांनी मोजे मोजायला घेतले आणि मधेच सोडून दिले.

मी काही दिवस पत्र लिहिणार नाही. राग गेला की लिहीन. जाईलच असं नाही. आईला सांगा मी ठीक आहे.

धाकटा


२५ ऑगस्ट

धाकट्यास,

तुझं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरून आलं. सरकारी घर सोडायची मुदत संपली, गेल्या आठवड्यात आम्ही इथे आलो. इस्पितळापासून चालत जाण्यासारखं आहे. दोन खोल्या आहेत, आईंना जिना नाही. पाणी सकाळी येतं.

रागाबद्दल मी काही लिहीत नाही. तो तुझा आहे, तुझ्याकडे असू दे. जागेबद्दल मात्र मला वाईट वाटतं, ते खोटं समजू नकोस. तुझ्या दादांना ती किती हवी होती हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. मी तरीही तेच बोलले असते.

इथल्या शेजारणीने विचारलं, तुम्हीच त्या टीव्हीवरच्या का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग खरं काय, विमान खराब होतं की..." आणि मधेच वाटी पुढे केली. साखर घेऊन गेली.

लाल दोऱ्याच्या टाक्याचं वाचून मी इस्पितळात थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले. त्या मुलीला मी ओळखत नाही. तिला आता कोणीतरी कारण सांगितलं असेल.

आईंना पत्र वाचून दाखवलं, रागाचा भाग गाळून. त्यांनी गाळलेलं ओळखलं. म्हणाल्या, "म्हणजे आता तो उडत नाही?"

"सध्या नाही."

"जमिनीवर आहे?"

"हो, जमिनीवर."

मग जेवल्या. दुसऱ्यांदा भात मागून घेतला, मार्चनंतर पहिल्यांदाच.

म्हातारीवरची परीक्षा होईल, तू पुन्हा उडशील, ते मी थांबवणार नाही. पत्र लिहायचं नसेल तर लिहू नकोस. कोरा कागद घालून पाठवलास तरी चालेल.

आई शेजारणीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या आहेत, संध्याकाळपर्यंत येणार नाहीत. इथल्या खिडक्या बुटक्या आहेत, जुने पडदे वीतभर लांब होऊन जमिनीवर लोळतात. दोन उतरवून खालची शिवण उसवून ठेवली आहे. उजेड आहे तोवर दुमडून शिवून घेते.

वहिनी